दीडशेचा टी-शर्ट कोणाच्या खिशातून येतो?

२०२५च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतातून जाणाऱ्या मालावर ५० टक्क्यांपर्यंत कर लावला. त्याच महिन्यात आपल्या केंद्र सरकारने परदेशी कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढून टाकलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत. जळगाव जिल्ह्यात पारोळ्याजवळच्या आमच्या गावी ओट्यावर बसून जिभाऊंनी (वडिलांना आम्ही सगळे जिभाऊच म्हणतो) ती बातमी दोनदा वाचली आणि अहिराणीत विचारलं, "कर लागना शर्टवर, मंग भाव आपला कापूसना काबर पडी?"

उत्तर कोणाकडेच नव्हतं. तेवढ्यात गणपतीला पुण्याहून आलेली पुतणी पार्सल फोडत बाहेर आली. मोबाइलवरून मागवलेला टी-शर्ट, १४९ रुपये, घरपोच. जिभाऊंनी तो हातात घेतला, रुईचा धागा ओढून बघतात तसा चिमटीत धरून ताणला आणि दुसरा प्रश्न टाकला, "यामा कापूस कोठे शे?" (यात कापूस आहे कुठे?)

या दोन प्रश्नांची उत्तरं शोधताना मला 'एथिकल फॅशन' हा शब्द वारंवार भेटला. मोठ्या शहरांतल्या दुकानांत तो महागड्या कुर्त्यांच्या पाटीवर असतो, म्हणून आपला त्याच्याशी संबंध नाही असं वाटतं. माझं मत उलट झालंय. हा विषय महाराष्ट्रात सर्वांत आधी कोणाचा असेल तर तो खान्देशाचा. कारण या साखळीची पहिली कडी आपल्या शेतात आहे आणि शेवटची आपल्या कपाटात.

दर आठवड्याला पेरणी, दर आठवड्याला काढणी

आधी शब्द उलगडून घेऊ. कपड्यांच्या धंद्यात पूर्वी आपल्या खरीप-रब्बीसारखे दोन हंगाम असत, उन्हाळी आणि हिवाळी. आता दर आठवड्याला नवीन नमुने येतात, स्वस्तात विकले जातात आणि महिन्याभरात जुने ठरतात. याला म्हणतात फास्ट फॅशन. दर आठवड्याला पेरणी आणि दर आठवड्याला काढणी केली तर जमिनीचं, सालदाराचं आणि बैलाचं काय होईल ते शेतकऱ्याला सांगायला नको. कपड्यांच्या धंद्यात तेच चाललं आहे, फक्त बैल आणि सालदार दुसऱ्या गावचे आहेत.

एथिकल फॅशन म्हणजे याच्या उलट चाल. कपडा पिकवणाऱ्याला, विणणाऱ्याला, शिवणाऱ्याला पोटापुरते पैसे मिळाले का, त्यापायी कोणाची नदी नासली का, आणि घेतलेला कपडा आपण झिजेपर्यंत वापरला का, एवढं बघून खरेदी करणं. आमच्या आजीने हा शब्द कधी ऐकला नव्हता. तिच्याकडे तीन लुगडी होती. चौथं आलं की जुन्यातलं एक गोधडीत जायचं.

एलन मॅकआर्थर फाउंडेशन या ब्रिटिश संस्थेने २०१७ मध्ये मांडलेला हिशेब सांगतो की २००० ते २०१५ या पंधरा वर्षांत जगातलं कपड्यांचं उत्पादन साधारण दुप्पट झालं, आणि एक कपडा फेकण्याआधी जितक्या वेळा घातला जायचा ते प्रमाण एक तृतीयांशाहून जास्त घटलं. कपडे वाढले, घालणं कमी झालं.

एका टी-शर्टमध्ये कापूस किती?

हा हिशेब जिभाऊंसोबत कागदावर मांडला, तुम्हीही मांडून बघा.

एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये (सरकी वेगळी काढतात तिथे) गेला की साधारण ३४ किलो रुई निघते. उरलेली बहुतेक सरकी, थोडी घट. मध्यम वजनाचा सुती टी-शर्ट भरतो १८० ग्रॅम. सूतगिरणीत, विणताना आणि कापताना जे वाया जातं ते धरलं तर त्याला २२० ग्रॅम रुई लागते. म्हणजे शेतातला कापूस सुमारे ६५० ग्रॅम.

२०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. किलोला ८१. एका टी-शर्टसाठी शेतकऱ्याला मिळाले ५२-५३ रुपये, तेही पूर्ण हमीभाव मिळाला तर. त्यात सरकीची किंमतही आली. ती तेलाकडे आणि ढेपेकडे जाते. नुसत्या रुईचा वाटा त्याहून कमी. आता याच पैशांतून बियाणं, खत, फवारणी, निंदणी भागवायची. वेचणीचा दर किलोमागे दहा रुपये धरा. टी-शर्टभर कापूस वेचणाऱ्या बाईच्या हातावर पडले साडेसहा रुपये.

परत या पुतणीच्या पार्सलकडे. १४९ रुपयांतले सात रुपये जीएसटीचे. कापसाचे पन्नास काढले तर उरले नव्वद. त्यात सूत कातायचं, कापड विणायचं, रंगवायचं, कापायचं, शिवायचं, प्लास्टिकच्या पिशवीत भरायचं, ॲपवाल्याचं कमिशन द्यायचं आणि कुरिअरवाल्याने पारोळ्यापर्यंत आणून द्यायचं. शिवाय प्रत्येकाने नफाही कमवायचा. जिभाऊंनी पेन खाली ठेवलं. "बसत नाही हिशेब."

हिशेब बसत नाही तेव्हा दोनच गोष्टी झालेल्या असतात. एक तर त्यात कापूस नसतो, किंवा मधल्या कोणाला तरी त्याचे पैसे मिळालेले नसतात. बऱ्याचदा दोन्ही.

पाटाच्या टेलचा शेतकरी

आता पहिला प्रश्न. कर शर्टावर लागला तर भाव कापसाचा का पडावा?

पाटाचं पाणी आठवा. टेलच्या शेताला पाणी सगळ्यांत शेवटी पोहोचतं. पण वर गेट बंद केलं की कोरडं पडणारं पहिलं शेतही तेच. अमेरिकेतल्या दुकानदाराला भारतातला शर्ट कराने महाग पडला की तो ऑर्डर कमी करतो. तमिळनाडूतल्या तिरुपूरचा निर्यातदार सूत कमी उचलतो. सूतगिरणी गाठी कमी घेते. जिनिंगवाला आवक बघून भाव पाडतो आणि खेडा खरेदीवाला व्यापारी आपल्या अंगणात येऊन म्हणतो, "नाना, वरूनच भाव नाही." तो खोटं बोलत नसतो. पण शर्टाची मागणी वाढते तेव्हा ती वाढ त्याच वाटेने अंगणापर्यंत येतेच असं नाही, वाटेत बरेच बारे फुटलेले असतात.

त्यात आयात शुल्क काढलं की गिरणीला परदेशी गाठ स्वस्त पडते. निर्यातदाराला दिलासा द्यायला ते काढलं होतं, आणि गिरणीच्या बाजूने बघितलं तर त्यात तर्क आहे. फक्त त्या दिलाशाचा खर्च टेलच्या शेतकऱ्याने उचलला. हमीभाव आहे, पण भारतीय कापूस महामंडळ तो पूर्ण देतं ते ८ टक्के ओलावा असेल तर. १२ टक्क्यांपर्यंत कपात करून घेतात, त्यापुढे परत. दिवाळीच्या आसपास पहिल्या वेचणीचा कापूस, त्यात परतीचा पाऊस. १२च्या आत बसणं किती अवघड ते ज्याने ट्रॅक्टर रांगेत उभा केला त्याला विचारा.

सुरतेचे नातेवाईक

कपड्यामागचे कामगार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बांगलादेश येतो. खान्देशी माणसाला इतक्या लांब जायची गरज नाही. लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली या सुरतेच्या वस्त्यांत आपल्या प्रत्येकाचं कोणी ना कोणी आहे. तिथे भाजी घेताना अहिराणी चालते. आपलीच तापी उकाई धरणातून पुढे त्या शहराला जाते आणि आपली माणसंही तिच्यासारखीच एका दिशेने वाहत गेली.

सुरतेत मुख्यतः कृत्रिम धाग्याचं कापड आणि साड्या होतात. पॉवरलूमवर बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात आणि पगार बहुतेक ठिकाणी मीटरवर. कापड जितकं तितका पैसा. लूम बंद, वीज बंद, ताप आला, तर शून्य. साडीला टिकल्या चिकटवणं, धागे कापणं ही कामं घरोघरी बायका नगावर करतात. माझ्या मामेबहिणीच्या एका खोलीत पलंग, गॅस आणि साड्यांचा ढीग असे तिघे राहायचे, ती आणि तिचा नवरा मधल्या जागेत. ज्या साडीला आपण जळगावच्या फुले मार्केटात "अजून पन्नास कमी करा" म्हणतो ती तिच्या हाताखालून गेलेली असू शकते. ते पन्नास रुपये मालकाच्या खिशातून गेले असं समजून आपण खूश होतो.

घासाघीस करू नका असं मी म्हणत नाहीये. घासाघीस केल्याशिवाय आमच्या आईला कपडा अंगाला लागत नाही. पण कपड्याची किंमत ज्या मजुरीवर ठरते ती दुकानात येण्याच्या कितीतरी आधी घासून झालेली असते.

भेगा दिसल्या होत्या

तरी बांगलादेशची एक गोष्ट सांगावीच लागेल, कारण जगात या विषयाची चर्चा तिथून पेटली. ढाक्याजवळ सावर इथे राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत होती. वरच्या मजल्यांवर शिवणकामाचे कारखाने, खाली दुकानं आणि एक बँक. २३ एप्रिल २०१३ला इमारतीला भेगा दिसल्या. दुसऱ्या दिवशी बँक आणि दुकानं बंद राहिली. शिवणाऱ्या बायकांना मात्र कामावर बोलावलं. ऑर्डर वेळेत द्यायची होती. सकाळी इमारत कोसळली. ११३४ माणसं मेली.

भेग सगळ्यांना दिसली होती. बँकेच्या कारकुनाला घरी थांबता आलं, शिलाई मशीनवरच्या मुलीला नाही. स्वस्त कपडा हा विषय मला इथे सगळ्यांत स्वच्छ दिसतो.

यानंतर जे झालं तेही सांगायला हवं. महिन्याभरात अनेक मोठ्या परदेशी कंपन्या आणि कामगार संघटना यांच्यात कायद्याने बांधणारा करार झाला आणि दीड हजारांहून अधिक कारखान्यांची तपासणी झाली. दारं, जिने, वायरिंग, खांब बदलले गेले. तिथल्या कामगार संघटनांचा जोर कारखाने सुरक्षित करण्यावर होता. तुमचे कपडे घेणं बंद करा, असं त्यांनी सांगितलं नाही. बहिष्काराने आपल्याला बरं वाटतं, पण मशीनवरच्या बाईचा रोजगार पहिला जातो.

"एका टी-शर्टला २७०० लिटर पाणी" खरं का?

हा आकडा तुम्ही व्हॉट्सॲपवर वाचला असेल. तो अगदी खोटा नाही, पण अर्धवट आहे. यात तीन प्रकारचं पाणी एकत्र मोजलेलं असतं: पिकाने घेतलेलं पावसाचं, विहिरी-कालव्याचं, आणि प्रदूषण पातळ करायला लागेल ते. शिवाय तो साऱ्या जगाचा सरासरी आकडा. मृगाच्या पावसावर पेरलेल्या कोरडवाहू कपाशीने जे पाणी प्यायलं ते नसतं प्यायलं तर तिथली ज्वारी किंवा तूर प्यायली असती. त्याचा दोष टी-शर्टवर टाकणं मला पटत नाही. मे महिन्यात विहिरीवर लावलेल्या पूर्वहंगामी कपाशीची गोष्ट वेगळी, आणि त्यातही ठिबकवर लावली की पाटाने दिली यात फरक आहेच.

पाण्याची खरी नासाडी पुढे रंगाईत होते. तिरुपूरच्या रंगाई कारखान्यांनी नोय्यल नदीत इतकं खारं, रंगीत पाणी सोडलं की खालच्या शेतकऱ्यांच्या विहिरी आणि जमिनी नासल्या. शेतकरी कोर्टात गेले. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने शेकडो रंगाई कारखाने बंद करायला लावले. पुढे पाणी साफ करून तेच पुन्हा वापरायचं, बाहेर थेंब सोडायचा नाही, या अटीवर ते सुरू झाले. खर्च वाढला, ओरड झाली, तरी तिरुपूर आजही देशातलं विणलेल्या टी-शर्टचं सर्वांत मोठं केंद्र आहे. नियम लावले तर धंदा बुडतो, असं कोणी म्हणालं की मला हे आठवतं.

आणि फवारणी. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-मजूर दगावले. त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशीला (अळीला तोंड द्यावं म्हणून जनुक बदललेल्या वाणाला) दाद दिली नाही आणि आपल्याकडेही बोंडं आतून पोखरली. २००२ मध्ये बीटीला परवानगी मिळाली तेव्हा फवारणीचा खर्च वाचेल हे तिचं मोठं आश्वासन होतं.

पॉलिस्टर इतकं वाईट तर सगळे घालतात कशाला?

कारण ते कामाचं आहे. पावसाळ्यात दोन तासांत वाळतं, इस्त्री लागत नाही, रंग उडत नाही, रोज रानात जाणाऱ्या बाईला सुती लुगडं सांभाळणं परवडत नाही. जिभाऊंचा लग्नातला टेरिकॉटचा सदरा, म्हणजे पॉलिस्टर आणि सुताचं मिश्रण, अजून ट्रंकेत आहे आणि अजून फाटलेला नाही. पॉलिस्टर हे खनिज तेलापासून केलेलं प्लास्टिक. धुताना त्याचे डोळ्यांना न दिसणारे तुकडे पाण्यात जातात आणि ते कुजत नाहीत. तरी तीस वर्षं घातलेल्या टेरिकॉटला मी नावं ठेवणार नाही. दोनशे वर्षं टिकणारी वस्तू दोन महिने वापरायला बनवायची, यात वेडेपणा आहे.

भुसावळ-जळगावच्या ४५ अंशांत पॉलिस्टर अंगात घालून बसस्टँडवर उभं राहणं हा आणखी वेगळा वेडेपणा, पण तो ज्याचा त्याने ठरवावा.

कपडा सुती की नाही हे कळायला लेबलची गरज नाही. शिवणीतला एक धागा ओढा आणि काडीने पेटवा. सूत कागदासारखं जळतं, कागदासारखा वास येतो, राख बोटाने चुरते. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला कडक मणी होतो. मिश्रणात दोन्ही दिसतं. हे घरी करा, दुकानात नको.

जुना कपडा पानिपतला जातो

पानिपत म्हटलं की आपल्याला १७६१च आठवतं. पण जगातल्या जुन्या कपड्यांचंही पानिपत तिथेच होतं. युरोप-अमेरिकेत लोकांनी 'दान' केलेले लोकरीचे स्वेटर, कोट जहाजाने कांडला बंदरात येतात, तिथून हरियाणातल्या पानिपतला. रंगवार वेगळे काढून, बटणं-चेन तोडून, फाडून, पुन्हा धागा काढून त्याची ब्लँकेटं होतात. पूर-भूकंपात वाटली जाणारी स्वस्त ब्लँकेटं बऱ्याचदा तिथलीच. काम चांगलं, पण धुळीत बसून करणारे हात पुन्हा कोणाचे, ते विचारायला नको. बाकीचा काही माल घानातल्या अक्राच्या कांतामांतो बाजारात जातो, किंवा चिलीच्या आताकामा वाळवंटात ढीग होऊन पडतो. जुन्या कपड्यापासून पुन्हा नवा कपडा होण्याचं प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे. मिश्र धागे वेगळे करणं अवघड, हे एक मोठं कारण.

आपल्याकडे भांडेवाली यायची. तीन साड्या आणि एक पँट दिली की स्टीलचं पातेलं, तेही अर्धा तास भांडून. ती ते कपडे धुऊन, सांधून जुन्या बाजारात विकायची. कोणी तिला पर्यावरणाचा पुरस्कार दिला नाही. हल्ली ती कमी येते, कारण आपण देतो ते कपडे सांधण्याच्या लायकीचे राहिलेले नाहीत. गोधडीचंही तेच. मऊ झालेल्या सुती लुगड्याची गोधडी होते. घसरत्या जॉर्जेटची नाही. टाका धरत नाही आणि अंगावरून सरकते.

आपला खरा कचरा: आहेर

इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण शहरातले लेख वाचून आपल्याला वाटतं की फास्ट फॅशन म्हणजे मॉलमधली तरुण मुलं. खान्देशात कपाट भरतं ते आहेराने.

एका लग्नात व्याह्यांकडून मानाच्या साड्या, विहिणीच्या वेगळ्या, मामाकडून, आत्याकडून, भाऊबंदकीतल्या प्रत्येक घराला एक. पुरुषांना टॉवेल-टोपी, उपरणं, शर्टपीस-पँटपीस. दोनशे रुपयांची, घडी न मोडता राहणारी ती साडी कोणी नेसायला देतच नाही आणि कोणी नेसायला घेतही नाही. ती फिरते. आमच्या घरून गेलेली जांभळी साडी चार वर्षांनी परत आमच्याच घरी आली. आईने पदराला पेनाने बारीक खूण केली होती म्हणून कळलं. तोवर तिने किमान पाच लग्नं पाहिली असावीत. नेसली कोणीच नव्हती.

ती साडी सुरतेत कोणीतरी बारा तास उभं राहून विणली. टिकल्या कोणीतरी रात्री चिकटवल्या. आणि तिचं काम काय, तर मान राखणं. मानपानाला माझा विरोध नाही; साडी हातात ठेवताना "बाई, राग मानू नका" म्हणतात त्यात खरी माया असते. पण हल्ली पत्रिकेवर "कृपया आहेर आणू नये" छापणारी घरं वाढली आहेत आणि त्यांची सोयरीक मोडल्याचं मी तरी ऐकलं नाही. काही घरं दहा साड्यांऐवजी एकच चांगली सुती साडी देतात, ती घेणारीच्या अंगावर पुढच्या आखाजीला (अक्षय तृतीयेला) दिसते.

"ही चैन श्रीमंतांची आहे"

हा आक्षेप रास्त आहे, आणि ज्यांच्याकडे दोनच जोड आहेत त्यांना हा लेख लागू नाही. ते आधीच कपडा झिजेपर्यंत वापरतात. त्यांच्याकडून शिकायचं आहे, त्यांना शिकवायचं नाही.

बाकी आपण, ज्यांच्या कपाटाचं दार ढोपराने दाबावं लागतं, त्यांनी किंमत दुकानातल्या आकड्याने न मोजता घालण्यावर मोजावी. तीनशेचा शर्ट सहा वेळा घालून विटला तर एका घालण्याला पन्नास रुपये पडले. बाराशेचा शंभर वेळा घातला तर बारा. हॉटेलात जेवण स्वस्त की महाग हे आपण पोट भरलं का यावर ठरवतो, तसंच. महागडा म्हणजे चांगला असंही समजू नका; मोठ्या नावाचे कपडेही त्याच कारखान्यांत, त्याच मजुरीवर शिवलेले असू शकतात.

घेताना कपडा उलटा करून शिवण बघा. शिंपी जास्तीचं कापड आत सोडतात त्याला 'माया' म्हणतात. माया असेल तर कपडा उसवून मोठा करता येतो, फाटला तर पुन्हा धरता येतो. पुतणीचा टी-शर्ट दोन महिन्यांत खांद्यावर उसवला तेव्हा गावच्या शिंप्याने उलटा करून परत दिला. "ताई, यात माया ठेवलीच नाहीये. टाका मारू कशात?"

लेबलवर काय वाचायचं?

फार काही नाही. खादी मार्क असेल तर कापड हाताने कातलेलं आणि हाताने विणलेलं असतं. हँडलूम मार्क म्हणजे विणकाम हातमागावर, सूत गिरणीचं असू शकतं. 'गॉट्स' हे सेंद्रिय कापडाचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र, त्यात किमान ७० टक्के धागा सेंद्रिय लागतो आणि कामगारांच्या अटीही तपासतात. नुसतं 'इको', 'ग्रीन', 'कॉन्शस' लिहिलेलं आणि पानाचं चित्र काढलेलं असेल तर तो शेणाने सारवलेला सिमेंटचा ओटा समजा. प्रमाणपत्रंही देवाची वाणी नाहीत. २०२०मध्ये गॉट्स संस्थेनेच भारतीय कापसाची बनावट प्रमाणपत्रं पकडल्याचं जाहीर केलं होतं.

मग शेतकऱ्याने सेंद्रिय का करू नये? शेजारच्या मध्य प्रदेशातल्या निमाडात नव्वदच्या दशकापासून करतात. पण जमीन सेंद्रिय ठरायला तीनेक वर्षं जातात, त्या काळात उत्पन्न घटतं आणि जादा भाव मिळत नाही. सेंद्रियात बीटी चालत नाही, आणि देशातलं ९० टक्क्यांहून अधिक क्षेत्र बीटीखाली असल्याने बिगर-बीटी चांगलं बियाणं शोधूनही सापडत नाही. एकट्याने उडी मारायचं हे काम नाही.

"तुम्ही कपडे कमी घेतले तर आमचा कापूस कोण घेईल?"

हा प्रश्न अर्थातच जिभाऊंचा. दिवाळीत कापसाचं गाठोडं बांधता बांधता विचारलेला. मला तो सगळ्यांत अवघड वाटला, म्हणून आकडे काढले.

जगातला कापूस २००४-०५च्या सुमाराला अडीच कोटी टन रुईच्या आसपास होता. आजही तेवढाच आहे, वर्षागणिक थोडा खाली-वर. कपडे वाढत गेले आणि कापूस जिथल्या तिथे. मग ती वाढ आली कशातून? पॉलिस्टरमधून. २००० सालापासून त्याचं उत्पादन तिपटीहून जास्त झालं आणि आज जगातल्या धाग्यांत निम्म्याहून अधिक वाटा त्याचाच. कापूस पाचव्या हिश्श्यावर आलाय. म्हणजे गेल्या वीस वर्षांत लोकांनी जी जादा खरेदी केली तिचा दमडाही खान्देशातल्या शेतात आला नाही. उलट स्वस्त पॉलिस्टरने सुताला वर चढू दिलं नाही. आपल्याच जळगावच्या खान्देश मिलचा भोंगा बंद होऊन काही दशकं झाली. खान्देश मिलच्या जागेवर आता मॉल उभा आहे.

जिभाऊंनी ऐकून घेतलं. "म्हणजे नातीने तो टी-शर्ट घेतला काय अन् नाही घेतला काय, आपल्याला सारखंच."

सारखंच. कमी कपडे, पण सुती, आणि झिजेपर्यंत, असं जर लोक वागले तर कापसाचं नुकसान होण्याचं कारण नाही. झालाच तर फायदा. तो किती आणि अंगणापर्यंत किती पोहोचेल हे पाटाच्या गेटवर बसलेल्यांवर आहे, आणि त्यांच्याशी भांडण वेगळं.

उसवलेला टी-शर्ट घरीच राहिला होता. आईने तो फाडून पुसणं केलं. दुसऱ्या दिवशी ओट्यावर सांडलेलं पाणी पुसायला घेतलं तर ते नुसतं इकडून तिकडे सरकत राहिलं. तिने टी-शर्ट पिळून पाहिला, थेंबही निघाला नाही, आणि ट्रंकेतून जिभाऊंचं जुनं धोतर काढलं.